संगणक भंगारात काढण्याआधी

आज बोलायचंय संगणकाबद्दल. विषय ऐकूनच काही जणी म्हणतील, हे काही आपलं काम नाही. पण ज्यांच्या घरी जुना संगणक कापडाखाली झाकून ठेवलाय, त्यांनी आजचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं.

आम्ही दिंडोरी तालुक्यात बचत गटांचं काम बघतो. तिथल्या एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंच्या घरी एक संगणक आहे. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला, दहा-अकरा वर्षांचा. मुलगा नोकरीला लागला आणि संगणकावर ग्रामसंघाचे हिशोब आले. कर्जाचे हप्ते, नागलीच्या पापडांची विक्री, बैठकीचे ठराव, सगळं त्यातच. गेल्या दिवाळीच्या आसपास तो फार रडायला लागला. सकाळी सुरू केला की चहा होऊन जायचा तरी पडदा यायचा नाही. त्यातच विंडोज १० ची मुदत संपल्याची सूचना येऊ लागली.

ताई शहरातल्या एका दुकानात गेल्या. उत्तर मिळालं, ‘हा आता भंगारात काढा, नवीन पस्तीस हजारांपर्यंत बसेल.’ ग्रामसंघाकडे तेवढी रक्कम होती. पण त्याच महिन्यात एका सभासदाने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज मागितलं होतं. दोन्ही गोष्टी एकदम होणार नव्हत्या. बैठकीत सगळ्या गप्प बसल्या. तेव्हा आम्ही म्हटलं, पंधरा दिवस द्या, एक प्रयोग करून बघू.

तो प्रयोग समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट माहीत हवी. संगणकाचं यंत्र वेगळं आणि ते चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी. यंत्र म्हणजे घर धरलं, तर ऑपरेटिंग सिस्टीम ही त्या घरातली कारभारीण. कळफलकावर काय दाबलं, फाइल कुठे ठेवली, प्रिंटरला काय सांगायचं, हे सगळं तीच बघते. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांत ही कारभारीण म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. एमएससीआयटी केलेल्या आपल्या मैत्रिणीही तीच शिकल्या. म्हणून संगणक म्हणजेच विंडोज असं आपल्याला वाटतं.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. पण सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणारे नेहमीचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी काही अटींवर आणखी एका वर्षाची सोय ठेवली आहे, पण तीही तात्पुरतीच. पुढची विंडोज ११ घालायची तर तिला नव्या धर्तीचा प्रोसेसर आणि एक ठरावीक सुरक्षा चिप लागते. जुन्या संगणकात बहुधा ती नसते. म्हणजे यंत्र धडधाकट असतं, पण नवी कारभारीण त्या घरात यायला तयार नसते.

दुसरी कारभारीण आहे. तिचं नाव लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला आणि जगापुढे ठेवला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असं मोकळं सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम जाहीर केलं होतं. दोन्ही कामं जुळली आणि पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली.

मोकळं म्हणजे काय? आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे आठवा. त्यांनी गावरान बियाणं जपलं आणि वाटलं. गावरान बी पेरलं की त्यातलंच पुढच्या वर्षी ठेवता येतं, शेजारणीला देता येतं, निवडून चांगलं करता येतं. दरवर्षी दुकानात जावं लागत नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअर तसंच असतं. ते कसं बनवलं हे कुणालाही बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, आणि ते चोरीचं ठरत नाही. लिनक्सचे बहुतेक प्रकार फुकट मिळतात.

आणि हे काही अनोळखी नाही बरं का. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळमधल्या सरकारी शाळांत दोन लाखांहून जास्त संगणक लिनक्सवर चालवले जातात. आपल्या महाराष्ट्रातही २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत लहान मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पातले ते लॅपटॉप लिनक्सवर चालत. वाडीतली पहिली-दुसरीची पोरं ते हाताळत होती, मग आपण का घाबरायचं?

आता प्रयोग कसा केला ते सांगतो. यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही, की लिनक्स न घालताच वापरून बघता येतं. भाजी विकत घेण्याआधी चव बघावी तसं.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना ‘लिनक्स मिंट’ सोपं जातं. त्यातला ‘एक्सएफसीई’ नावाचा प्रकार हलका आहे, म्हणून जुन्या संगणकाला आम्ही तो निवडला. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं. खूप जुना, ३२ बिटचा संगणक असेल तर त्यावर आजचं मिंट चालत नाही.

मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून त्याची फाइल उतरवून घ्यायची. ती जवळजवळ ३ जीबीची असते. फोनच्या रोजच्या पॅकमध्ये ती मावत नाही, म्हणून जिथे वायफाय आहे तिथे उतरवा. मग ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यायचा. फाइल त्यात नुसती कॉपी करून चालत नाही. ‘रुफस’ किंवा ‘एचर’ नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. लिहिताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

तो पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करायचा आणि लगेच एक बटण दाबत राहायचं. कुठल्या कंपनीत ते एफ १२ असतं, कुठे एफ ९, कुठे एस्केप. यादी आली की पेन ड्राइव्हचं नाव निवडायचं. थोड्या वेळात मिंटचा पडदा येतो. आता सगळं पेन ड्राइव्ह आणि रॅमवर चालू असतं. तुमच्या विंडोजला आणि फाइलींना धक्का लागत नाही. बंद करून पेन ड्राइव्ह काढला, की संगणक पुन्हा होता तसा. फक्त पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असं एक चित्र असतं, त्याला या वेळी हात लावायचा नाही.

या चाचणीत आम्ही एक कागद घेऊन बसलो. आवाज येतो का? वायफाय जोडलं जातं का? प्रिंटर छापतो का? हिशोबाची फाइल उघडते का? मिंटमध्ये ‘लिब्रे ऑफिस’ आधीच असतं. त्यात एक्सेलच्या साध्या फाइली उघडतात. आमच्या कर्जाच्या तक्त्यातल्या बेरजा बरोबर आल्या, फक्त छापताना समास जरा सरकला. व्हॉट्सॲप ब्राउझरमधून चालतं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. मेनूही मराठीत करता येतात, पण काही शब्द इंग्रजीच राहतात.

एका गोष्टीने मात्र आम्हाला अडवलं. जुने ठराव उघडले तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. ताई घाबरल्या. कारण साधं होतं. ते ठराव कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेले होते. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठी रूप दिसतं. फाँट नसला की रूप जातं. विंडोजच्या दुसऱ्या संगणकावरही हेच होतं. युनिकोडमधली मराठी मात्र कुठेही मराठीच राहते. म्हणून आधी जुने ठराव युनिकोडमध्ये बदलून घेतले आणि एकेक वाचून तपासले, कारण बदलताना काही जोडाक्षरं चुकतात.

आठवडाभर चाचणी झाल्यावर बैठकीत सगळ्यांना दाखवलं आणि मग लिनक्स कायमचं घालायचं ठरलं. इथे आमच्याकडून चूक झाली, ती लपवत नाही. घालताना दोन वाटा असतात. एक, विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घालायचं. दुसरी, सगळी डिस्क पुसून फक्त लिनक्स. डिस्क लहान होती म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. रविवारी ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत घेतली होती. मंगळवारी बैठक झाली, ताईंनी नव्या नोंदी केल्या. बुधवारी आम्ही डिस्क पुसली. मंगळवारच्या नोंदी गेल्या. त्या हाताने लिहिलेल्या वहीत होत्या, म्हणून परत भरता आल्या. पण ताईंच्या सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो ‘डेस्कटॉप’वर होते, त्यांची प्रत आम्ही घेतलीच नव्हती. त्यातले काही पाहुण्यांच्या फोनवरून जमवले, बाकीचे गेले. ताई काही बोलल्या नाहीत. पण आमच्या मनाला ते लागलं.

म्हणून सांगतो. डिस्क पुसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझं यात काय आहे? डेस्कटॉप, डाउनलोड, फोटो, सगळ्याची प्रत घ्या, तीही दोन ठिकाणी, आणि त्याच दिवशी. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. वीज जाण्याची वेळ टाळा. आणि वही सोडू नका.

कुणी हा प्रयोग करू नये, तेही सांगायला हवं. विंडोजसाठीच बनवलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर रोज वापरत असाल तर ते लिनक्सवर सरळ चालत नाही. बँक सखींचं बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र, डिजिटल सही, काही जुने प्रिंटर यांचं काय होईल ते आधी विचारून घ्या. शंका असेल तर विंडोज शेजारी राहू द्या. आणि हार्ड डिस्कच बिघडली असेल तर कुठलीही कारभारीण आणा, घर गळकंच राहणार.

आमचा खर्च झाला पेन ड्राइव्हचे चारशे रुपये. संगणक आता चहाला आधण येईपर्यंत सुरू होतो. ब्राउझरमध्ये फार पानं उघडली तर अजून अडखळतो, तो काही नवा झालेला नाही. दोन-तीन वर्षं काढेल, तोवर ग्रामसंघ नव्यासाठी थोडं थोडं बाजूला टाकतोय. फीचं कर्ज त्याच महिन्यात मंजूर झालं, मुलगी दुसऱ्या वर्षाला बसली.

पेन ड्राइव्ह आता ग्रामसंघाच्या कपाटात असतो. मागच्या महिन्यात निफाडकडच्या एका गटाने तो मागून नेला. परत देताना त्यांनी आणखी एक तयार करून स्वतःकडे ठेवला. तुमच्या गटातल्या एमएससीआयटी झालेल्या एखाद्या मुलीला सोबत घ्या, एक दुपार काढा आणि नुसतं सुरू करून बघा. प्रतींचं तेवढं आमच्यासारखं करू नका.