स्थूलताजन्य अल्पश्वसनातील दीर्घकालीन श्वसनसाहाय्य

स्थूलताजन्य अल्पश्वसन हा श्वसनविकार आहे. शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) ३० किंवा अधिक असून जागेपणीही धमनीतील रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिमी पाऱ्याहून जास्त आढळल्यास, आणि त्यास दुसरे कारण सापडत नसल्यास, हे निदान केले जाते. त्यावरील मुख्य उपचार म्हणजे झोपेत मास्कवाटे दाबयुक्त हवा देणे. श्वासनलिकेत नळी घालावी लागत नसल्याने या पद्धतीस अनाक्रमक श्वसनसाहाय्य म्हणतात. ते घरी, रोज रात्री व बहुधा अनेक वर्षे घ्यावे लागते.

विकाराचे स्वरूप

पोट व छातीवरील मेदामुळे श्वासपटलाला जास्त श्रम पडतात. आडवे झाल्यावर हा भार वाढतो. सुमारे ९० टक्के रुग्णांत झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडतो. रात्री साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची भरपाई म्हणून मूत्रपिंडे रक्तात बायकार्बोनेट राखून ठेवतात, आणि श्वास वाढविण्याची मेंदूची प्रेरणा मंदावते. सकाळी डोके दुखते, दिवसा बसल्याजागी डोळा लागतो, पुढे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पाय सुजतात. दिवसाची ही झोप घरच्यांना आळस वाटते आणि निदान लांबते.

१९५६ मध्ये बर्वेल व सहकाऱ्यांनी या विकारास ‘पिकविकियन’ हे नाव दिले. चार्ल्स डिकन्सच्या ‘द पिकविक पेपर्स’ या कादंबरीतील जो हा लठ्ठ मुलगा सतत पेंगत असतो. नाव गमतीदार असले, तरी आजाराच्या गांभीर्यास ते शोभणारे नाही.

यंत्रे

‘सीपॅप’ यंत्र एकाच दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८१ मध्ये मांडली. ‘बायपॅप’ श्वास घेताना जास्त व सोडताना कमी दाब देते. या फरकामुळे प्रत्येक श्वासागणिक अधिक हवा आत जाते. बायपॅप महाग असते, म्हणून ही निवड कुटुंबाच्या दृष्टीने लहान नाही. तीव्र निद्राश्वासरोध असलेल्या स्थिर रुग्णांत दोन्ही यंत्रांचे दीर्घकालीन परिणाम सारखेच असल्याचे स्पेनमधील चाचणीत दिसले (‘द लॅन्सेट’, २०१९). अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनेही त्याच वर्षी अशा रुग्णांसाठी प्रथम सीपॅप सुचविले. श्वास अडतच नसेल, तर मात्र बायपॅपच उपयुक्त ठरते. श्वसन निकामी होऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांना ते देऊनच घरी पाठवावे आणि तीन महिन्यांच्या आत झोपेची तपासणी करावी, अशी शिफारस आहे.

केवळ ऑक्सिजन देणे हा पर्याय नव्हे. त्याने कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तो दाखवीत नाही. आकडा ९५ दिसत असतानाही रुग्णाला गुंगी येऊ शकते.

वापर

मास्क सैल असल्यास हवा गळते, घट्ट असल्यास नाकावर व्रण पडतो. नाक कोरडे पडल्यास यंत्राला आर्द्रक जोडतात. यंत्र पूर्ण झोपभर, दुपारच्या वामकुक्षीतही, लावणे हितावह असते. यंत्राने वजन उतरत नाही. विकार मिटण्यासाठी शरीराचे वजन २५ ते ३० टक्के घटावे, असे याच शिफारशींत सुचविले असून त्यासाठी पुष्कळदा शस्त्रक्रियेचा विचार होतो. वजन घटल्यावरही रक्ताची व झोपेची फेरतपासणी झाल्याखेरीज यंत्र बंद करीत नाहीत.