माळरान राखा, खुंट फुटू द्या



दरवर्षी जुलैमध्ये गावच्या माळावर खड्डे घेऊन रोपे लावली जातात आणि मे महिन्यापर्यंत त्यांतील बरीचशी वाळून जातात, हा अनुभव अनेक गावांना आहे. म्हणून नवीन रोपे आणण्यापूर्वी माळावर काय जिवंत आहे, ते पाहणे अगत्याचे आहे.

उजाड दिसणाऱ्या माळावर पळस, कडुनिंब, टेंभुर्णी यांचे खुंट गवतात दडलेले असतात. त्यांची मुळे खोल असल्याने पावसाळा संपल्यावरही त्यांना ओल मिळते. दरवर्षी फुटवे येतात. परंतु ते शेळ्या खातात किंवा सरपणाला तोडले जातात. हे थांबल्यास खुंटावरचा फुटवा नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतो.

राखण कशी करावी?

१) सगळा माळ एकदम बंद करू नये. ज्यांचा संसार शेळ्या-मेंढ्यांवर चालतो त्यांना ते परवडत नाही आणि असा ठराव टिकतही नाही. ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने एक तृतीयांश भाग राखावा. फुटवे जनावरांच्या तोंडाबाहेर गेल्यावर दुसरा भाग घ्यावा. राखलेल्या भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क या कुटुंबांना द्यावा.

२) हिवाळ्यात प्रत्येक खुंटावर १ ते २ जोमदार, सरळ फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने काढावेत.

३) वणवा आत शिरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी कडेने गवत काढून जाळपट्टा तयार करावा.

४) मोकळ्या जागी पावसाच्या सुरुवातीस ताजी निंबोळी टोकावी. निंबोळीची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत घटते, म्हणून ती साठवून ठेवू नये.

५) जेथे खुंटच नाहीत, मूळचे गवतच आहे, तेथे झाडांचा आग्रह धरू नये. गवताळ रानाचेही स्वतःचे पशुपक्षी असतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने १९९० नंतर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली आणि जोडीला डोंगरउतारावर समपातळी चर खोदले. गवत कापून नेण्याची पद्धत रुजली, चारा वाढला आणि दुधाचा धंदा उभा राहिला.

बांधावरचे जुने, ढोलीचे झाडही निरुपयोगी समजू नका. त्या ढोलीत राहणारे गव्हाणी घुबड रात्री तुमच्याच शेतातले उंदीर टिपते.

यंदा खड्डे घेण्यापूर्वी एकदा माळावर फेरी मारा आणि जिवंत खुंट मोजा. तेच तुमचे पहिले रोप आहे.