शाळेच्या दारात उभं राहण्याआधी

‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही,’ हे वाक्य स्वमग्न मुलांच्या अनेक पालकांनी ऐकलेलं असतं. अशा वेळी हे हाताशी असू द्या :

● प्रवेश : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नता येते. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं कलम १६ सांगतं.

● मोफत शिक्षण : दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत (त्याच कायद्याचं कलम ३१).

● काढून टाकणं : शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवीपर्यंत मनाई.

● वर्गात काय मागाल? : चित्रांचं वेळापत्रक, ठरलेला बाक, घंटेचा आवाज सोसत नसेल तर हेडफोन.

● कागदपत्रं : दिव्यांगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र). शाळेशी झालेलं बोलणं लेखी घ्या.