गाडी नेमकी केव्हा तापते?

मे महिन्यातली दुपार. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. पुढून वाफ निघत असते, मुलं सावली शोधत असतात आणि कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत असतो. आधी तो हात थांबवायला हवा.

या झाकणामागे प्रेशर कुकरचंच तत्त्व आहे. त्यातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने जास्त ठेवते. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण काढताच दाब जातो, उत्कलनबिंदू 100 वर येतो आणि वरच्या 20 अंशांची उष्णता पाण्याची वाफ करते. हिशेब केला तर एका लिटरमधलं जेमतेम 37 ग्रॅम पाणी वाफ होतं, पण त्या वाफेला जागा लागते सुमारे 60 लिटर! ती उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन थेट चेहऱ्यावर येते. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावं. कापड धरून वरचा होज पाईप दाबून पाहावा. तो टणक लागला तर आत अजून दाब आहे. गार पाणी ओतायचीही घाई नको. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ब्लॉक अनेकदा बिडाचा, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तापलेल्या हेडला अचानक गार पाणी लागलं तर ते वाकतं, कधी तडकतंही.

हे सगळं उन्हाळ्यातच का होतं? पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली बहुतेक कूलंट आणि रेडिएटरमार्फत हवेत सोडावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 90 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर फरक 65 चा. चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 वर गेला की तोच फरक 45 उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद तीस टक्क्यांनी घटते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो आणि आधीच तापलेली हवा मागे पाठवतो. तरीही धडधाकट गाडी हे सोसते. गाडी बनवताना अशा उन्हाचा विचार केलेलाच असतो. ऊन आधीपासून असलेलं दुखणं उघडं करतं, म्हणून दुखणं शोधायला हवं.

त्यासाठी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: गाडी नेमकी केव्हा तापते?

सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो, असं असेल तर संशय फॅनवर. धावताना हवा आपोआप मिळते, उभं असताना ती फॅननेच ओढायची असते. एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅन सुरू होतो. तो गप्प राहिला तर फ्यूज, रिले, मोटर अशा क्रमाने तपासावं.

उलट, वेगात किंवा चढावर गाडी तापत असेल तर हवा भरपूर आहे, अडलंय ते कूलंटचं वाहणं. रेडिएटर आतून चोंदला असेल, वॉटर पंप थकला असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल. थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं; साधारण 82 ते 88 अंशांना ते वितळून फुगतं आणि झडप उघडतं. इंजिन तापलं तरी रेडिएटर गारच, तर झडप उघडलेली नाही. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापवून, थर्मामीटर धरून घरीही तपासता येतो.

तिसरी तऱ्हा वाईट. गाडी पाणी खाते, पण खाली थेंब दिसत नाही. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, कूलंटच्या टाकीत बुडबुडे, ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा, अशी चिन्हं दिसली तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी.

काट्यावर मात्र आंधळा विश्वास नको. अनेक गाड्यांत तापमान बऱ्याच अंशांनी हललं तरी तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तो वर सरकतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर नुसत्या हवेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो.

गॅरेजमध्ये ‘व्हॉल्व्ह काढून टाकू’ असा सल्ला मिळतो. तो मला घातक वाटतो. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत तर बायपासची वाट कायम उघडी राहून काही कूलंट रेडिएटरकडे न जाताच परत फिरतं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी व्हॉल्व्ह काढला, तेच वाढतं.

दुसरी खोड बोअरच्या पाण्याची. कूलरच्या जाळीवर आणि माठावर जो पांढरा थर बसतो, तसाच क्षार तापल्या इंजिनात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तो उष्णता अडवतो आणि शेवटी वाटही बुजवतो. सांगितलेलं कूलंट आणि क्षारविरहित पाणीच भरावं. वाटेत नाइलाजाने नळाचं घातलं, तर परतल्यावर बदलून घ्यावं.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात हे नको वाटतं, पण हीटर हा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच आहे. बाजूला थांबायला जागा मिळेपर्यंत तो इंजिनला आधार देतो. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर मात्र गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावं.

निघायच्या दिवशी पहाटे, इंजिन गार असताना, टाकीवरच्या दोन रेषांमध्ये कूलंट आहे का ते पाहावं. आठवड्यापूर्वी भरलेलं खाली गेलं असेल तर ते कुठेतरी जातंय, आणि ती जागा खंबाटकीच्या अलीकडेच सापडायला हवी.