उसाच्या बुरशीचे बी रानारानात कसे हिंडते?



आपल्यापैकी ज्यांची मुले नोकरीनिमित्त अंबरनाथ-बदलापूरकडे राहतात, त्यांनी पावसाळ्यात तिथल्या बाजारात आदिवासी बायकांच्या टोपलीतली रानची अळंबी पाहिली असेल. वारुळाजवळची अळंबी म्हणजे वाळवीच्या घरात वाढणाऱ्या बुरशीचे फळच. वाळवी जमिनीखाली ही बुरशी पोसते. पावसात ती वर छत्री काढते, छत्रीखालून बी सांडते, आणि पालापाचोळा गोळा करायला निघालेली वाळवी त्याबरोबर ते बी पुन्हा घरात नेते. या बियाला शास्त्रात बीजाणू म्हणतात. एकटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही.

बुरशीला पाय नाहीत. जिथे राहते तिथले जे वाहन मिळेल त्यावर ती बसते. आपल्या उसातही हेच चालते, आणि वाहन ओळखले नाही तर औषधाचा खर्च पाण्यात जातो.

काणीचेच घ्या. शेंड्यातून चाबूक निघतो, त्यावरचा पातळ चंदेरी पापुद्रा फाटला की काळी भुकटी वाऱ्यावर निघते. एका चाबकात कोट्यवधी बीजाणू असतात. शेजारच्या उसाच्या डोळ्यांवर ते बसतात, काही जमिनीवर पडतात. कोरड्यात ते पुष्कळ दिवस तग धरतात. ओल्या जमिनीत मात्र लवकर रुजतात आणि ऊस मिळाला नाही तर मरतात. को ७४० ही एके काळची आपली लाडकी जात काणीला फार बळी पडे, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. ऑस्ट्रेलियात तर १९९८ पर्यंत काणी नव्हती. त्या साली ती वायव्येकडच्या ऑर्ड नदीच्या खोऱ्यात सापडली आणि २००६ मध्ये क्वीन्सलँडच्या उसात पोचली.

आता आमचीच गोष्ट सांगतो. गेल्या हंगामात एका शेतकी मदतनिसाने साहेबांना दाखवायला म्हणून फुटलेला चाबूक खांद्यावर टाकून बांधाबांधाने कचेरीत आणला. सदरा काळा झाला होता. वाटेत किती जणांच्या उसाला प्रसाद वाटला, देव जाणे!

अननस रोगाची तऱ्हा निराळी. ही बुरशी जमिनीतच असते. तिचे जाड कवचाचे बीजाणू मातीत दबा धरून बसतात आणि कांडीच्या कापलेल्या तोंडातून आत शिरतात. कांडी फोडली तर पिकल्या अननसाचा वास येतो, डोळा मात्र उगवत नाही. इथे वारा राखून उपयोग नाही. कांडीची तोंडे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवूनच लागण करावी. लाल कूज पावसाच्या शिंतोड्यांनी आणि पाटाच्या पाण्याने पसरते. म्हणून रोगट सरीतले पाणी पुढच्या सरीत सोडू नये.

सगळ्याच बुरशा वैरी नव्हेत. हुमणीची अळी कधी हिरव्या भुकटीने माखून मेलेली दिसते. ती मेटारायझियम नावाच्या मातीतल्या बुरशीची करामत. मेलेल्या अळीवरचे बीजाणू मातीत मिसळतात आणि पुढची अळी त्यांना घासली की तिलाही धरतात. एवढेच की जमिनीत ओल हवी. कुजलेल्या शेणखतातून ही बुरशी घालतात ती त्यासाठीच.

पण सर्वांत लांब पल्ल्याचे वाहन म्हणजे आपली बैलगाडी आणि ट्रॅक्टर. काणी किंवा लाल कूज आत दडलेले बेणे वरून हिरवेगार दिसते. पाहुण्याकडून आणलेल्या एका गाडी बेण्यातून रोग जेवढा लांब जाईल, तेवढा वारा क्वचितच नेतो. बेणे स्वस्त पडले असे तेव्हा वाटते. दोन-चार महिन्यांनी चाबूक निघतात, खोडव्यात तर विचारू नका. बेणेमळ्यासाठी मूलभूत बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया, ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास, करतात ती हा दडलेला रोग मारण्यासाठीच.

चाबूक दिसल्यास आधी त्यावर पोते किंवा पिशवी घालून तोंड आवळावे, मग कापावा, बेट मुळासकट उपटावे आणि दोन्ही जाळावे. नमुना कचेरीत आणू नये. गट नंबर कळवावा, आमचा माणूस पिशवी घेऊन रानात येईल.