एसीतला गॅस जातो कुठे?

काशीचा राजा घाट रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या नावाशी जोडलेला. त्या काळी उन्हाळ्यावर उतारा म्हणजे जाड दगडी भिंती आणि वाळ्याचे ओले पडदे. आज घाटामागच्या गल्ल्यांत एसी घरघरतात, तसेच पुण्या-नागपुरातही. एप्रिल उजाडला की मेकॅनिकचं ठरलेलं वाक्य येतं, "गॅस संपलाय, भरावा लागेल." गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

गैरसमज : गॅस वापरून संपतो, दरवर्षी भरायचाच.
वस्तुस्थिती : तो पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस फिरत राहतो आणि खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. कमी झाला, म्हणजे गळाला. गळती न बुजवता भरलेला गॅसही हवेतच जातो.

गैरसमज : ओझोनला अपाय नाही, म्हणजे हवामानालाही नाही.
वस्तुस्थिती : १९८७च्या माँट्रियल करारामुळे ओझोन पोखरणारे सीएफसी वायू हटले. त्यांच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता धरून ठेवतात. शंभर वर्षांच्या हिशेबात एसीत वापरला जाणारा १ किलो आर-४१०ए हा एचएफसी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक असतो. एसीतलाच दुसरा एचएफसी, आर-३२, सुमारे ६७५ किलोइतका.

गैरसमज : नव्या नियमांनी घरातला एसी भंगारात जाईल.
वस्तुस्थिती : २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात माँट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली. ती एचएफसीचं उत्पादन आणि वापर टप्प्याटप्प्यानं घटवते. चालू यंत्रं बंद करायला लावत नाही. भारतानं ती २०२१ मध्ये स्वीकारली. २०२८ मध्ये वाढ गोठवायची, २०३२ मध्ये १० टक्के घट, २०४७ मध्ये ८५ टक्के.

गैरसमज : एचएफसीला पर्यायी गॅस म्हणजे घरात बॉम्ब.
वस्तुस्थिती : असा एक पर्याय आर-२९० म्हणजे प्रोपेन; तो पेट घेतो हे खरं. म्हणूनच एसीत तो काही शे ग्रॅमच असतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण १४.२ किलो असतं! गोदरेजनं २०१२ पासून असे एसी विकले; त्यांचा कारखाना सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचा. मात्र दुसऱ्या गॅससाठी बनलेल्या जुन्या एसीत प्रोपेन कधीच भरू नये.

तेव्हा "गॅस भरतो" म्हणणाऱ्याला आधी विचारावं, "गळतंय कुठे?" आणि उरलेला गॅस हवेत सोडण्याऐवजी सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगावं.