गडावर पाणी कशांतून न्यावें?

थंडी ओसरूं लागली कीं आमच्या घरांतील तरुण मंडळींस गडकोटांचे वेध लागतात, आणि त्याबरोबर स्वयंपाकघरांत एक जुना वाद पुन्हां उभा राहतो: पाणी कशांतून न्यावयाचें? मातुश्रींचा भर फिरकीच्या पितळी तांब्यावर. तो वडिलांबरोबर काशीस जाऊन आलेला. सुनांचा ओढा तांब्याच्या बाटलीकडे, कारण तें पाणी प्रकृतीस चांगलें. मुलांना हवी ती पोलादाची दुपदरी, बर्फ संध्याकाळपर्यंत राखणारी. आम्ही या वादांत वर्षानुवर्षें तटस्थ राहिलों. तें तटस्थपण एकदां फार महागांत पडलें असतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

2023 सालच्या मार्च महिन्यांत आम्हीं राजगडाहून डोंगराच्या धारेनें तोरण्यास जाण्याचा बेत केला. पहांटे गुंजवण्याहून चढलों, आणि संजीवनी माचीच्या बाजूनें उतरून धारेस लागलों. बरोबर सतरा वर्षांचा पुतण्या होता. त्याच्या पाठीवर सरबतानें भरलेली ती दुपदरी बाटली. ती जड लागते म्हणून दुसरी त्यानें घेतलीच नव्हती, आणि "एवढें पुरे होईल" असें आम्हींच म्हटलें होतें. राजगडावर टाक्याचें पाणी होतें, पण तें शुद्ध करण्याच्या गोळ्या घरींच राहिल्या होत्या. धारेवर सावली थोडी, पाणी जवळजवळ नाहींच. दुपारीं एकच्या सुमारास मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले, चेहरा उतरला, आणि विचारलेल्या प्रश्नास तो भलतेंच उत्तर देऊं लागला. तेव्हां मात्र आमचें धाबें दणाणलें. कारवीच्या आडोशास त्याला निजवून आमच्याजवळचें उरलेलें अर्धा लिटर पाणी कांहीं पंचा भिजवून त्याच्या अंगावर, कांहीं घोटघोट त्याच्या पोटांत घातलें. पुढें एका धनगराच्या घरीं त्या माउलीनें पाणी आणि मीठ घातलेलें ताक दिलें, तेव्हां पोर धड उभें राहिलें. समोर तोरण्याची बुधला माची दिसत होती. पालथ्या घातलेल्या तेलाच्या बुधल्यासारख्या सुळक्यावरून तिला हें नांव पडलें. भांड्यावरून जिवावर बेतलें असतां समोर भांडेंच उभें असावें, हा योग चमत्कारिक खरा. आम्ही तिकडे न जातां खालच्या गांवांत उतरलों आणि मुलाला थेट डॉक्टरांकडे नेलें. उन्हांत बोलण्याची संगति सुटणें हें लक्षण कोणींहि साधें समजूं नये.

घरीं आल्यावर सारीं भांडीं रिकामीं करून स्वयंपाकघरांतील काट्यावर ठेवलीं. दुपदरी बाटली लिटरभर पाण्याची. ती 540 ग्रॅम भरली. पितळी तांब्या 800 ग्रॅम, आणि त्यांत पाणी मावतें पाऊण लिटर! तांब्याची बाटली 280, एकपदरी पोलादी 210, गिर्यारोहकांची जाड प्लास्टिकची, रुंद तोंडाची 180. आणि स्टेशनावर पाण्यासकट विकत मिळते ती लिटरची पातळ बाटली? अवघी 27. तीन लिटर पाणी न्यावयाचें तर दुपदरी बाटल्यांचेंच ओझें 1620 ग्रॅम, पातळ बाटल्यांचें 81. फरक दीड किलोचा, म्हणजेच दीड लिटर पाण्याचा. कारण लिटरभर पाणी किलोभरच असतें, त्यांत कोणाचीहि चतुराई चालत नाहीं. वजन वांचवावयाचें तें भांड्यांत. आमचें पोर तें पाण्यांत वांचवीत होतें, आणि आम्हीं त्यास मान डोलावली होती.

या पातळ बाटलीचें प्लास्टिक 'पेट' नांवाचें. अमेरिकेंत नॅथॅनियल वायेथ या अभियंत्यानें 1973 सालीं अशा बाटलीचें पेटंट मिळविलें. सोड्याच्या पेयांचा दाब सोसेल अशी हलकी बाटली त्यास हवी होती. त्या पेयांच्या बाटल्या अजूनहि पाण्याच्या बाटलीहून किंचित् जाड असतात, आणि गडावर नेण्यास आम्हांस त्याच अधिक पसंत आहेत. पेयाचा वास मात्र चिकटून राहतो. या बाटलींत कढत पाणी कदापि ओतूं नये. ती आक्रसून वेडीवांकडी होते. झांकणाचे आटे झिजले, बूड चेपलें, कीं ती मोडींत द्यावी. गडावर टाकून येणाऱ्यास काय म्हणावें तें आमच्या लेखणीस शोभणार नाहीं.

तांब्याच्या बाटलींत सरबत, कोकम, ताक मुळींच घालूं नये. बिनकल्हईच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो हें आपल्या घरांत कोणास सांगावयास नको. पण अरुंद तोंडाच्या बाटलींत आंत काय चाललें आहे तें दिसत नाहीं आणि विसर पडतो. पाठीवर ठेवून नळीनें पाणी ओढावयाची लवचिक थैली हलकी खरी, परंतु पाणी किती उरलें तें चालतांना कळत नाहीं, आणि ती गळली कीं अंथरूण भिजलेंच.

चढणीवर माणसास ताशीं अर्धा लिटर पाणी तरी लागतें, कडक उन्हांत त्याहून अधिक. तेव्हां सात-आठ तासांच्या वाटेस माणशीं चार लिटर धरावें. तें मोठ्या भांड्यांत न नेतां लिटरच्या बाटल्यांत न्यावें, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या राहतात. एका बाटलींत साखर-मिठाचें पाणी असावें: लिटरास सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. टाक्याचें पाणी क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवल्याशिवाय पिऊं नये. फडक्यानें गाळलें तर गाळ जातो, रोगजंतु जात नाहींत.

2024 च्या जानेवारींत पुतण्या त्याच वाटेनें पुन्हां गेला, पाठीवर चार हलक्या बाटल्या घेऊन. मातुश्रींचा तांब्या आम्हीं भरून वेल्ह्यास गाडींत ठेवला होता. तोरणा उतरून आल्यावर मुलानें पहिला हात त्यालाच घातला. पाणी कोमट झालें होतें. तरी उभ्याउभ्या त्यानें तो रिकामा केला.